एक तारखेची बाटली

चिकटपट्टीसुद्धा आजोबांचीच होती. शेडच्या दारावरची नोटीस वाचण्याआधी त्यांच्या नातीच्या, टाचणीच्या, नजरेस ती पडली, आणि तिचं डोकं जे फिरलं ते रविवारपर्यंत जागेवर आलं नाही.

"वाच. मोठ्यानं वाच," ती म्हणाली.

हे तिच्या आतेभावाला सांगायची गरज नव्हती. तो सुट्टीला आला की शेजारपाजारच्यांना चार दिवस आधीच कळायचं, असा त्याचा आवाज. म्हणून तर त्याला सगळे भोंगा म्हणत. त्यानं घसा साफ केला आणि वाचलं:

"इंधन मिसळण्यात फिटरआजोबांकडून हलगर्जी झाल्यामुळे क्लबच्या मैदानावर तीन विमानं हवेत बंद पडली व त्यांपैकी एक पूर्ण मोडलं. त्यांचं वय व नजर लक्षात घेता रविवारच्या सभेत त्यांच्याकडून शेडची किल्ली परत घेण्यात येईल. यापुढे त्यांनी इंधनाला हात लावू नये. सेक्रेटरी."

"हात लावू नये म्हणे," टाचणी म्हणाली. "हे काय गरम तव्याला हात लावणाऱ्या पोराला सांगताय?"

तिसरी होती वहीवाली. शेजारची, दहा वर्षांची, बोलायला महाग आणि लिहायला उदार. तिनं वही काढली आणि नोटीस शब्दन् शब्द उतरवून घेतली. गुरुवार, तारीख एकवीस.

आता हा राग कशाचा, ते सांगायला हवं. या मैदानावर रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडतात. छोटी म्हणजे पंख हातभर-दीडहात, पण इंजिन खरं, आवाज खरा, आणि पडलं तर मोडतंही खरंच. त्या इंजिनांना लागणारं इंधन गेली बावीस वर्षं टाचणीचे आजोबा मिसळून देत होते. कारखान्यात फिटर होते, तेव्हापासूनचा हात. दर महिन्याच्या एक तारखेला ते मोठा कॅन भरून शेडमध्ये ठेवत आणि क्लबचे लोक महिनाभर त्यातून पंपानं काढून घेत. बावीस वर्षांत कुणी त्यांना साधी नोटीस सोडा, 'थँक्यू'सुद्धा कागदावर दिलं नव्हतं. आणि पहिला कागद आला तो हा.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. डोक्यावर वैमानिकाची टोपी, गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीचं झाकण हरवलेलं होतं आणि काचेवर बोटांचे ठसे होते.

"काय रे पोरांनो, वाचलंत?"

"वाचलं," टाचणी म्हणाली. "आजोबांना विचारलंत का, लावण्याआधी?"

"अगं, विचारायचं काय त्यात? माझं लाल विमान काल कसं पडलं, तू बघितलंस ना? इंजिन फट्-फट् झालं, बंद पडलं, आणि गेलं जमिनीत. तेल कमी पडलं असणार. वय झालं की मापाची रेघ दिसत नाही. त्यात कमीपणा काही नाही."

"कमीपणा नाही, तर दारावर का लावलंत?"

उत्तर नसलं की मोठी माणसं काय करतात ते तुम्हाला माहीत आहेच. "लहान तोंडी मोठा घास घेऊ नये," असं म्हणून ते ऑफिसात निघून गेले.

घरी आजोबा पाठीला पट्टा बांधून पलंगावर बसले होते. दोन तारखेला त्यांची पाठ जी धरली, ती गेले तीन आठवडे सोडत नव्हती. मैदानावर ते फिरकलेच नव्हते. नोटिशीची बातमी मात्र पोरांच्या आधी घरी पोचली होती.

त्यांच्या समोर स्टुलावर काचेचा मापाचा नळा होता, पाण्यानं अर्धा भरलेला.

"ये गं वहीवाली," ते म्हणाले. "मी वीसच्या रेघेपर्यंत पाणी ओतलंय. तुझे डोळे कोवळे. बघून सांग बरं, बरोबर आहे का?"

वहीवाली गुडघे टेकून बसली, डोळा रेघेच्या बरोबर समोर आणला. "बरोब्बर वीस. केसाचाही फरक नाही."

"पाण्याचं काय गं, कुणीही ओततं." आजोबांनी नळ्यातलं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं, नळा पुसला आणि कपाटात ठेवून दिला. "एक तारखेला मी घाईत होतो. झाली असेल चूक. तिघांची विमानं बंद पडली, म्हणजे काहीतरी असेलच ना. रविवारी किल्ली देऊन टाकतो."

टाचणीला त्या क्षणी सेक्रेटरींपेक्षा जास्त राग आजोबांचा आला. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे तिनं ऐकलं होतं, पण संन्याशानं आपणहून सुळीकडे चालत जायचं म्हणजे कमाल झाली.

"तुम्ही चूक केली हे तुम्हाला आठवतंय?"

"नाही."

"मग कबूल कशी करता?"

आजोबा पाठीचा पट्टा सारखा करू लागले. भोंग्याला शांतता सोसत नसे. तो म्हणाला, "एवढं मिसळायचं तरी कशाला? स्कूटरसारखं पेट्रोल ओतायचं, की झालं काम."

आजोबांमधला फिटर जागा झाला. "अरे, या इंजिनाला स्कूटरसारखी ठिणगी पडत नाही. आत एक बारीक तार असते. उडवण्याआधी ती बॅटरीनं लाल करायची आणि मग बॅटरी काढून घ्यायची. पुढे ती तार तापलेली राहते ती इंधनाच्या जोरावर. ते मेथॅनॉललाच जमतं, पेट्रोलवर ती विझते. म्हणून शंभर भागांत पंच्याहत्तर मेथॅनॉल, वीस एरंडेल आणि पाच नायट्रो नावाचं रसायन."

"एरंडेल? पोट साफ करायचं?"

"तेच. इंजिनात वेगळं तेल घालायची सोय नाही, म्हणून इंधनातच मिसळायचं. ते कमी पडलं, तर आतला दट्ट्या घासून घासून अडकतो. नायट्रोनं चाल गुळगुळीत होते. पण शिकाऊ विमानाला ते पाचाच्या वर नको, उगाच इंजिन तापतं. आणि मेथॅनॉल म्हणजे विष आहे. हातमोजे घातल्याशिवाय आणि मी जवळ असल्याशिवाय कुणी झाकणाला हात लावायचा नाही. हे पाठ करा."

"म्हणजे तुम्हाला सगळं आठवतं," टाचणी म्हणाली. "आणि त्या कॅनमध्ये काय होतं हे मात्र कुणालाच सिद्ध करता येत नाही."

आजोबांनी कपाटाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "येतं की."

ते पाठ सांभाळत उठले आणि कपाटाचा खालचा खण उघडला. आत औषधाच्या जुन्या तपकिरी बाटल्या ओळीनं उभ्या. प्रत्येकीचं बूच मेणानं बंद केलेलं, प्रत्येकीवर तारीख.

"कारखान्यातली खोड आहे," ते म्हणाले. "कुठलाही माल बाहेर गेला की त्यातला नमुना तीन महिने ठेवायचा. तक्रार आली तर दाखवायला. बावीस वर्षांत कधी लागला नाही."

वहीवालीनं ओळीतली शेवटची बाटली ओळखली. तिच्यावर चालू महिन्याची एक तारीख होती.

शनिवारी सकाळी पट्टा घट्ट बांधून आजोबा रिक्षानं शेडवर आले. किल्ली रविवारपर्यंत त्यांचीच होती. त्यांनी हातमोजे चढवले, टाचणीच्या 'टोळ' विमानाचं इंजिन काढलं आणि लाकडी ठोकळ्यावर बोल्टांनी आवळलं. पोरांना पंख्याच्या मागच्या बाजूला पाच पावलं दूर उभं केलं. भोंग्याला सात पावलं, कारण त्याचे हात स्वस्थ नसत.

आधी पंपात उरलेलं कॅनमधलं इंधन भरलं. इंजिन सुरू झालं, खोकलं, परत सुरू झालं. बॅटरी काढली तसं फट्-फट् करून बंद पडलं. तीनदा तसंच.

मग टाकी रिकामी करून बाटलीतलं थोडं इंधन भरलं. बॅटरी काढली. इंजिन एका सुरात गात राहिलं, आणि शेडच्या पत्र्याखाली तो आवाज एवढा भरला की भोंग्याचं ओरडणंसुद्धा कुणाला ऐकू आलं नाही.

टाकी संपेपर्यंत आजोबा त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"मिश्रण बरोबर होतं," ते म्हणाले. मग फिटरच्या आवाजात, "मग कॅनमधलं बिघडलं कधी?"

ते कॅनजवळ गेले, वाकता येईना म्हणून टाचणीला बघायला सांगितलं. कॅनच्या तोंडावर झाकण नव्हतंच. पुसायची एक मळकी चिंधी कोंबलेली होती.

"अरे देवा," आजोबा म्हणाले. "मेथॅनॉल हवेतलं पाणी पितं. उघडं ठेवलं की थेंब थेंब ओल आत जाते आणि तार विझते. मी स्वतः झाकण आवळून गेलो होतो. जाड काळं झाकण, तळहाताएवढं."

"चोर!" भोंगा म्हणाला. "दुसऱ्या क्लबचा हेर असणार. रात्री आला असेल."

"आणि एवढी विमानं, रेडिओ सोडून झाकण घेऊन गेला?" टाचणी म्हणाली. "डोकं घरी ठेवून आलास का?"

शेड शोधून झाली, मैदानाची कड शोधून झाली. झाकण नाही. भोंग्यानं कचऱ्याचा डबा उपडा केला आणि तो परत भरण्यात अर्धा तास गेला. वहीवाली मात्र पायरीवर बसून वहीची पानं पुढे-मागे करत होती. तिचा चेहरा पडला होता.

"काय गं?"

"काही नाही. मला वाटलं होतं, माझं अक्षर सुधारलं."

"आत्ता तुझ्या अक्षराचं काय?"

वहीवालीनं वही पुढे केली. दर रविवारी आणि बुधवारी ती ऑफिसात सेक्रेटरींच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून कुठलं विमान किती वाजता उडालं ते लिहायची. रविवार, तारीख तीन, आणि त्याआधीची सगळी पानं: अक्षर डुगडुगलेलं, रेघा नागमोडी. बुधवार, तारीख सहा, आणि पुढची सगळी पानं: अक्षर सरळ, वळणदार.

"तीन दिवसांत कुणाचं अक्षर सुधारत नाही," ती म्हणाली. "आईनं मला पेन्सिलींचा डबापण दिला त्यासाठी. पण अक्षर तेच आहे. ते टेबल डुगडुगायचं, ते सहा तारखेला थांबलं."

टाचणीनं पुढचं पान उलटलं. तारीख तेरा: पहिलं विमान हवेत बंद. सतरा: आमचं 'टोळ' बंद, गवतावर उतरलं. वीस: सेक्रेटरीकाकांचं लाल विमान बंद, पडलं.

तिघंही ऑफिसच्या खिडकीपाशी गेली. खिडकीतून टेबलाचा मागचा पाय दिसत होता. तो एका जाड, काळ्या, तळहाताएवढ्या झाकणात ऐटीत उभा होता.

त्याच टेबलावर बसून आजोबांच्या हलगर्जीची नोटीस लिहिली गेली होती. नीट, सरळ अक्षरात. टाचणीला हे आठवलं आणि तिचे कान तापले.

"काढू?" भोंगा कुजबुजला. त्याचं कुजबुजणंही रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

"हात लावायचा नाही," टाचणी म्हणाली. "उद्या सगळ्यांसमोर ते स्वतः काढतील."

रविवारी सभेला पंधराएक माणसं जमली. क्लबच्या अध्यक्ष डॉक्टरीणबाई होत्या, दातांच्या. त्या खुर्चीवर बसल्या. सेक्रेटरींनी टेबलावर नोंदवही उघडली आणि नोटीस पुन्हा वाचली. आजोबा भिंतीला टेकून उभे होते. हातात किल्ली होती.

"बाई, किल्ली घेण्याआधी एक इंजिन ऐकाल का?" टाचणीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं, मग टाचणीकडे बघितलं. "ऐकू की."

सगळे बाहेर आले. आजोबांनी नमुन्याची बाटली दाखवली, तारीख दाखवली. मग कॅनमधल्या इंधनावर इंजिन खोकून बंद पडलं आणि बाटलीतल्या उरलेल्या इंधनावर गात राहिलं. एक-दोघांच्या माना खाली गेल्या.

"मिश्रण ठीक होतं म्हणू या," सेक्रेटरी म्हणाले. "पण मग कॅन उघडा कुणी ठेवला? आजोबांनीच झाकण हरवलं असणार. म्हणजे हलगर्जी ती हलगर्जीच."

टाचणीनं दातओठ खाल्ले. बोलली ती वहीवाली, जी एरवी उत्तरसुद्धा मान हलवून देते.

"काका, आत येऊन तुमच्या टेबलाचा मागचा पाय जरा उचलाल?"

सेक्रेटरी हसत हसत आत गेले, पाय उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. डॉक्टरीणबाईंनी ते झाकण उचललं, शेडमध्ये नेलं आणि कॅनवर फिरवून बघितलं. दोन आट्यांत घट्ट बसलं.

"अहो, ते टेबल फार डुगडुगत होतं," सेक्रेटरी म्हणाले. "झाकण पंपाजवळ काढून ठेवलेलं दिसलं, मापाचं होतं, घातलं पायाखाली आणि विसरूनच गेलो. आणि मी चिंधी लावली होती की. धूळ जाऊ नये म्हणून."

"म्हणजे गोड खाल्लं तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि दात आजोबांचा उपटायला निघालो होतो आपण."

लोक हसले. टाचणी हसली नाही. कारण सेक्रेटरी अजून बोलतच होते.

"चुकलं, कबूल. पण माझं विमान मोडलं ते इंजिन बंद पडल्यामुळेच ना?"

"नाही," टाचणी म्हणाली. "आमचं 'टोळ'पण हवेत बंद पडलं होतं. ते तरंगत आलं आणि गवतावर टेकलं, ओरखडासुद्धा नाही. तुमचं का पडलं?"

"नशीब तुमचं."

"नशीब नाही. तोल. आज तुम्ही निळं विमान आणलंय ना? त्याचा तोल बघितलात?"

"सकाळीच बघितलाय, नेहमीसारखा. टाकी भरून, सगळं तयार करून."

"टाकी भरून," आजोबा पहिल्यांदाच बोलले. आवाज शांत होता, पण आता ते भिंतीला टेकलेले नव्हते. "दाखवा बरं."

सेक्रेटरींनी निळं विमान आणलं. पंखाखाली, पुढच्या कडेपासून रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जरा अलीकडे खूण होती. तिथे दोन्हीकडून एकेक बोट लावून त्यांनी विमान उचललं. ते अगदी आडवं राहिलं.

"बघा. काट्यासारखं."

"आता टाकी रिकामी करून उचला," टाचणी म्हणाली.

आजोबांनी पंपानं टाकी उपसली. सेक्रेटरींनी त्याच खुणेवर पुन्हा बोटं लावली. या वेळी नाक वर गेलं आणि शेपूट खाली लोंबलं. त्यांनी बोटं जरा सरकवली, परत खुणेवर आणली. शेपूट परत खाली.

"टाकी नाकाशी असते," आजोबा म्हणाले. "उडता उडता ती रिकामी होते, नाक हलकं होतं. म्हणून तोल रिकाम्या टाकीनं बघायचा आणि नाक किंचित खालीच ठेवायचं. नाक जड असलं तर विमान कुरकुरतं, पण ऐकतं. शेपूट जड झालं की ऐकतच नाही. इंजिन बंद पडलं आणि तुमच्या विमानाला तरंगताच आलं नाही."

"'टोळ'च्या नाकात आम्ही शिशाचा तुकडा बसवलाय," भोंगा म्हणाला. "मी सुचवला होता."

"तू नाण्यांची पिशवी सुचवली होतीस," टाचणी म्हणाली.

सेक्रेटरींनी विमान खाली ठेवलं. टोपी काढली. डोक्यावरचे केस घामानं चिकटले होते, आणि टोपीशिवाय ते बरेच लहान दिसत होते. "आजोबा, माझ्याकडून फार चुकलं," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं."

"हो," आजोबा म्हणाले. "विचारायला हवं होतं. मलापण वाटायला लागलं होतं, माझे डोळे गेले म्हणून."

एवढंच ते बोलले. पण तिथे जमलेल्या प्रत्येक मोठ्या माणसानं ती नोटीस चार दिवस येता-जाता वाचली होती आणि कुणी एक शब्द काढला नव्हता. त्यातल्या कुणालाच मग कुठे बघावं ते सुचेना.

डॉक्टरीणबाईंनी आजोबांची बोटं त्यांच्या हातातल्या किल्लीवर मिटवली. मग पोरांकडे वळल्या. "आम्ही पंधरा मोठ्यांनी ऐकलं आणि मान डोलावली. तुम्ही तिघांनी विचारलं. क्लबला यापुढे असल्या सभासदांची गरज आहे. सुट्टीपुरतं नाही, कायमचं." मग सेक्रेटरींना म्हणाल्या, "नोटीस दारावर होती, तर माफीही दारावरच. आत्ता लिहा. नोंदवहीत पण."

सेक्रेटरी टेबलाशी बसले. झाकण आता कॅनवर होतं, त्यामुळे टेबल पहिल्यासारखंच डुगडुगत होतं आणि पेन जाईल तिकडे जात होतं. वहीवालीनं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"माझ्या जुन्या पानांसारखं आलंय," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून.

शेडमध्ये आजोबांनी खराब इंधन बाजूला काढायला लावलं आणि नवं मिसळायला घेतलं. शेडमधला मापाचा नळा टाचणीच्या हातात दिला. "तू ओत. मी बघतो." तिनं हातमोजे घालून वीसच्या रेघेपर्यंत एरंडेल ओतलं, श्वास रोखून. आजोबांनी चष्म्यातून बघितलं आणि मान हलवली. नमुन्याच्या नव्या बाटलीवर तारीख घातली वहीवालीनं. टेबल नसताना, मांडीवर वही ठेवून, तरी अक्षर बरं आलं.

बाहेर सेक्रेटरींनी जुनी नोटीस काढली. माफीचा कागद दारावर धरला आणि सवयीनं दाराच्या आतल्या बाजूला असलेल्या आजोबांच्या खणातल्या चिकटपट्टीकडे हात नेला. मग तो हात तसाच थांबला. त्यांनी दारातून आत डोकं घातलं.

"आजोबा, चिकटपट्टी घेऊ का?"

"घ्या," आजोबा म्हणाले. "आणि झाली की जागेवर ठेवा."